सहाव्या प्रश्नापाशी अडलेलं शिफारसपत्र

धर्माजी कडूंनी पाच प्रश्नांची उत्तरं एका बैठकीत लिहून काढली, सहाव्यापाशी आले आणि पेनाला टोपण लावलं.

नोव्हेंबरची दहा तारीख, सकाळचे अकरा. उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शेवखार गावाच्या वेशीवर, ट्रेलर मालक संघाचं पत्र्याचं ऑफिस आहे. धर्माजी या संघाचे सचिव. वय चौसष्ट, शिक्षण सातवी, अक्षर मात्र छापल्यासारखं. संगणकावर पूनम बसली होती, संघाची ऑपरेटर. एका मॅनेजमेंट संस्थेनं धर्माजींच्या नावे पाठवलेला फॉर्म ती मराठीत वाचून दाखवत होती आणि धर्माजी रेघांच्या कागदावर उत्तरं लिहीत होते. उमेदवाराला किती वर्षं ओळखता, तिनं तुमच्याकडे काय काम केलं, तिच्यामुळे कामात काय बदललं. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं.

सहावा प्रश्न असा होता: उमेदवाराची एक ठळक उणीव सांगा. ती तुमच्या कशी लक्षात आली आणि लक्षात आणून दिल्यावर उमेदवारानं काय केलं, ते उदाहरण देऊन लिहा.

धर्माजींनी पूनमला तो पुन्हा वाचायला लावला. मग कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

"हा सोड," ते म्हणाले.

पूनमनं सांगितलं की सोडता येत नाही, चौकट रिकामी ठेवली की फॉर्म पुढे सरकत नाही. तर मग ‘उणीव नाही’ एवढं टाक, असं सांगून ते भाड्याच्या पाळीसाठी गाड्यांचे नंबर लावायला बाहेर गेले.

उमेदवार, म्हणजे विनिता घरत, त्या वेळी रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत बसली होती. फॉर्म भरताना उमेदवारानं आसपास असू नये, अशी संस्थेची सूचना होती आणि विनिता सूचना अक्षरशः पाळते. अर्ज तीस नोव्हेंबरला बंद होणार होते. ही तिची दुसरी खेप होती. त्या संस्थेत एका माणसाला दोनदाच अर्ज करता येतो.

विनिता सत्तावीस वर्षांची. तिच्या आजोबांची हयात मिठागरावर गेली. मिठागरं बंदरासाठी घेतली गेली तेव्हा वडिलांनी, रामचंद्र घरतांनी, हातात आलेल्या पैशांतून ट्रेलर घेतला, आणि तो फिटल्यावर दुसरा. गावातल्या निम्म्या घरांची हीच वाट. विनितानं उरणच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, दोन वर्षं एका कंटेनर गोदामाच्या हिशोब खात्यात काढली आणि मग संघात आली. पगार गोदामापेक्षा कमी होता, पण गोदामात तिला कुणी प्रश्न विचारू देत नव्हतं. संघात तिनं पहिल्याच आठवड्यात इतके प्रश्न विचारले की धर्माजींनी तिच्यासाठी वेगळी खुर्ची आणली, आपल्या शेजारी.

एमबीए करायचं, तेही फायनान्समध्ये, हे तिनं गोदामात असतानाच ठरवलं होतं. प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण पडले. ते पाच वर्षं चालणार होते, त्यामुळे ती बाजू पक्की होती. पुण्याबाहेर टेकडीवर असलेली ही संस्था नोकरी केलेल्यांनाच घेते, एका वर्षात अभ्यासक्रम संपवते, आणि गुणांइतकंच वजन निबंधाला, मुलाखतीला आणि शिफारसपत्राला देते.

पहिल्या वर्षी, फॉर्मऐवजी साधं पत्र चालायचं तेव्हा, शिफारसपत्राचं काम रामचंद्रांनी अंगावर घेतलं. शेवखारात शिफारस म्हटली की आपला हात पोचेल तितक्या मोठ्या माणसाकडे जायचं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे हे चाललेलं आहे. रामचंद्र चार दिवस खेटे घालून एका माजी सभापतींचं पत्र घेऊन आले. जाड कागद, वर दोन देवांची चित्रं, तीन पदं, पाच फोन नंबर. खाली जेमतेम तळहाताएवढी जागा उरली होती, त्यात लिहिलं होतं की कुमारी विनिता ही प्रतिष्ठित घराण्यातील असून तिची वर्तणूक उत्तम आहे. सभापतींनी विनिताला एकदाच पाहिलं होतं, रांगोळी स्पर्धेच्या बक्षीस समारंभात. बक्षीस तिला मिळालं नव्हतं.

त्या वर्षी मुलाखतीला ती नवा सूट घालून गेली. फायनान्समध्ये नेमकं काय करायचंय, या प्रश्नावर तिनं ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ असं सांगितलं, कारण मोबाइलवरच्या तयारीच्या व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगत होते. का, या प्रश्नावर तिचं पाठ केलेलं उत्तर दीड मिनिटात संपलं. मग पॅनेलमधल्या एका बाईंनी विचारलं की वडिलांच्या ट्रेलरला कर्ज कुणी दिलं होतं, कशावर दिलं. विनिताला त्यातला शब्द न् शब्द ठाऊक होता. पण ट्रेलरचा विषय निघाला की आपण खाली येतो, असं तिला त्या खोलीत वाटलं आणि तिनं ‘एका खासगी कंपनीनं’ एवढंच सांगितलं. अकरा मिनिटांत मुलाखत आटोपली. एप्रिलमध्ये नकार आला.

त्यानंतर तिनं वाशीला हेतल शाह नावाच्या बाईंना गाठलं. हेतलबेन अशा अर्जांची तपासणी करतात. त्यांनी विनिताची फाइल चहा थंड होईपर्यंत वाचली आणि सभापतींचं पत्र टेबलावर पालथं ठेवलं. त्यांचं म्हणणं विनितानं पुढं घरी येऊन सांगितलं ते असं: गुण ठीक आहेत, त्यांना हात लावू नकोस. निबंधात तू कुठेच नाहीस, तो कुणाचाही असू शकतो. इन्व्हेस्टमेंट बँकिंग तुझं नाही, ते काढ. आणि पत्र अशा माणसाचं आण ज्यानं तुला काम करताना रोज पाहिलंय. त्याचं पद नको, त्याचे डोळे हवेत.

"पण माझे साहेब सातवी शिकलेत," विनिता म्हणाली होती.

"बघ बेटा, त्यांना परीक्षा नाही द्यायची. ती तुला द्यायचीये."

विनितानं संस्थेला मेल करून विचारलं, पत्र मराठीत चालेल का. चालेल, भाषांतर आम्ही करून घेऊ, असं उत्तर आलं. ते वाचून रामचंद्रांचा चेहरा पडला. सभापती सोडून धर्माजी, हे त्यांना पायरी उतरल्यासारखं वाटलं. धर्माजींबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं, दोघं लहानपणी एकाच मिठागरावर वाढलेले. पण लहानपणी ज्याच्याबरोबर खेकडे धरले, त्याच्या सहीनं पोरगी पुण्याला जाईल, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

उरलेले सहा महिने विनितानं बाकीच्या बाजू बांधल्या. निबंध पाच वेळा लिहिला. जे रोज करते तेच त्यात आणलं. वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्या एक-दोन गाड्यांच्या मालकाला कसं जोखतात, कागदावर काय बघतात आणि काय बघायचं राहून जातं, हे तिनं संघाच्या एकसष्ट मालकांवरून मांडलं. गाडी बंदराच्या फाटकावर सोळा-सोळा तास उभी राहते, तेव्हा मालकाचा हप्ता थांबत नाही, हे कुठल्याच कर्जाच्या फॉर्मात नसतं. पुढं जाऊन तिला हेच काम करायचं होतं, लहान वाहनमालकांना कर्ज देणाऱ्या कंपनीत. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, फक्त सांगायची लाज वाटत होती.

तिच्या कामाचंही सांगण्यासारखं होतं. दीड वर्षापूर्वी एका कंपनीनं संघाला सरसकट फेरीचा नवा दर दिला. दर चढा दिसत होता, सगळे सही करायला निघाले होते. विनितानं तीन आठवडे फाटकावर उभं राहून गाड्यांच्या थांबण्याच्या वेळा टिपल्या आणि दाखवलं की थांबण्याचे पैसे वेगळे धरले नाहीत तर हा दर आधीच्यापेक्षा कमी पडतो. संघानं सही केली नाही. महिनाभर ताणल्यावर कंपनीनं थांबण्याचा आकार कबूल केला. धर्माजींनी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात हेच लिहिलं होतं, तारखांसकट.

आणि आता अर्ज बंद व्हायला वीस दिवस उरले असताना सचिवांनी पेन खिशात टाकलं होतं.

दुपारी विनिता ऑफिसात गेली. ‘उणीव नाही’ असं लिहिलं तर पत्र खोटं वाटेल, हे हेतलबेननी तिला फोनवर सांगितलं होतं. तिनं ते धर्माजींना समजावून सांगितलं. धर्माजी फलकावर खडूनं गाड्यांचे नंबर लिहीत होते, ते थांबले नाहीत.

त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. चाळीस वर्षं झाली, परगावची माणसं सोयरीक जुळवायच्या आधी चौकशीला धर्माजींच्या पडवीत येऊन बसतात. पोरगी कशी, घर कसं. धर्माजींनी या चाळीस वर्षांत एकाही पोरीचा दोष उच्चारलेला नाही. चांगलं असेल ते मोकळेपणानं सांगतात. सांगण्यासारखं नसेल तर मिठागराच्या गोष्टी काढतात, आणि पाहुणा शहाणा असेल तर समजून उठतो. गावातल्या पोरीचं उणं परक्याच्या कानावर घालायचं नाही, हा इथला रिवाज आहे. बोलायचंसुद्धा नाही, मग कागदावर लिहून सही करणं दूरच.

विनितानं सांगितलं की ही सोयरीक नाही, शाळा आहे.

"परकी मानसंच ना? तुजं आयुष्य त्यांच्या हातात. चौकशीच ती."

"काका, त्यांना दोष ऐकून नकार द्यायचा नाही. मला माझं चुकतं ते कळतं का, एवढंच बघायचंय त्यांना."

"आनि कलतं तुना?" धर्माजी वळले.

विनितानं विचारलं की म्हणजे काय. धर्माजींनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि पूनमला चहा सांगायला पाठवलं. पूनमच्या मागं दार लोटून घेतलं. मग जे सांगितलं ते हळू आवाजात.

"जीवन का गेला, म्हाईत हाय?"

जीवन मोकल हा संघातला दोन ट्रेलरचा मालक. मागच्या जूनमध्ये त्यानं दोन्ही गाड्या विकल्या आणि आगरदांड्याकडे निघून गेला. तिकडं काम चांगलं मिळालं, असं विनितानं ऐकलं होतं.

त्याआधी मे महिन्यात विनितानं ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. प्रत्येक मालकाचं नाव, त्याच्या गाडीचा दर किलोमीटरला खर्च आणि मिळकत. फायद्यातली नावं हिरवी, तोट्यातली लाल, सर्वांत जास्त तोट्यातलं सर्वांत वर. आकडे दिसले की लोक सुधारतात, असं तिनं वाचलं होतं, आणि ते खरंही ठरलं. आठ मालकांनी टायर आणि डिझेलचं धोरण बदललं, त्यांची नावं दोन महिन्यांत हिरवी झाली. तक्ता ती आपल्या चांगल्या कामांत धरत होती. निबंधातही त्यावर एक परिच्छेद होता.

तक्त्यात सर्वांत वर जीवनचं नाव होतं.

धर्माजींनी सांगितलं ते एवढंच. त्या महिन्यात पेणला जीवनच्या मेहुणीची हळद होती. मांडवात शंभर माणसांसमोर मेहुण्यानं जीवनला विचारलं की भावजी, संघात पहिला नंबर काढलात म्हणे. हळदीच्या मांडवात थट्टा चालायचीच. जीवन हसला, जेवला, परत आला. तीन आठवड्यांत गाड्या विकल्या.

"मंग मना का नाय सांगितलं?" विनिता घरच्या बोलीत गेली होती, जे ती ऑफिसात कधी करत नाही.

"तुना सांगायचं म्हंजे तुजा दोष तुज्या तोंडावर काढायचा. तू पोरगी, त्यात शिकलेली. मी म्हटलं, राहू दे." धर्माजी खुर्चीत बसले. "तू त्याचं भिंतीवर लावलंस. मी तुजं कागदावर नाय लिवनार."

पूनम चहा घेऊन आली. विनितानं चहा संपवला, भिंतीवरचा तक्ता काढला, गुंडाळला आणि कपाटात ठेवला. जागेवर चार खिळे राहिले.

तिला वाईट वाटलं का, याचं उत्तर ती आजही सरळ देत नाही. आकडे बरोबर होते, हे ती आधी सांगते. दुसऱ्या दिवशी तिनं निबंधातला तो परिच्छेद वाचला आणि काढून टाकला. रविवारी सकाळी सहाला ती वडिलांची स्कूटर घेऊन निघाली. रामचंद्रांनी कुठं म्हणून विचारलं. आगरदांडा, असं ती म्हणाली. एवढ्या लांब काय आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की अर्जाचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

अलिबागला तिनं मिसळ खाल्ली. काशीदला रविवारची गर्दी रस्त्यावर उतरली होती, तिथं अर्धा तास गेला. अकराच्या सुमाराला ती आगरदांड्याच्या जेट्टीवर पोचली. जीवनचा टेम्पो दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत तिसरा होता. बर्फाच्या लाद्या भरलेल्या, वर गोणपाट. जीवन चाळिशीचा, पोट थोडं सुटलेलं. तिला पाहून टेम्पोतून उतरला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं की इथं पन तक्ता लावायला आलीस काय.

विनितानं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही बोलली नाही. मला माहीत नव्हतं, शुक्रवारी कळलं, एवढं म्हणाली. चुकलं माझं.

जीवननं बोट कुठवर आलीय ते पाहिलं. अजून पलीकडच्या काठालाच होती.

"हिशोब बरोबर व्हता गो," तो म्हणाला. "त्या गाड्या खातच व्हत्या मना. मी विकनारच व्हतो, दिवालीनंतर. पन तो हिशोब मना सांगायचा व्हता ना. मी रोज सकाली तुज्या टेबलासमोर उभा रहायचो नंबर घ्यायला. दोन मिनटं लागली असती."

"दोन मिनिटं लागली असती," विनिता म्हणाली.

मग त्यानं तिला शहाळं पाजलं आणि टेम्पो दाखवला. दुसरा मुरूडला उभा होता. मुरूडहून श्रीवर्धनपर्यंत बर्फ आणि परत येताना मासळी, त्यामुळे रिकामी फेरी नाही. हे सांगताना तो तिच्याकडे बघत होता आणि ती बोटांवर काहीतरी मोजत होती, ते बघून तो हसला. मेहुणा आता काय म्हणतो, असं तिनं विचारलं. मेहुण्याच्या ट्रेलरचा हप्ता थकलाय, जीवन म्हणाला, पण ते मी तुना सांगितलं असं कुठं बोलू नको.

तिनं फॉर्मचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, कारण मग माफीला मतलब चिकटल्यासारखं झालं असतं. पण जीवननं विचारलं की आत्ताच कसं काय कळलं, आणि ती खोटं बोलली नाही. सहावा प्रश्न सांगितला, धर्माजींचं पेन सांगितलं. जीवननं ऐकून घेतलं. बोट लागली होती, पुढच्या दोन गाड्या चढत होत्या. त्यानं मोबाइल काढला आणि धर्माजींना लावला.

"काका, ती विनी इथं आलीय," तो म्हणाला. "नाय, भांडायला नाय. लिवा तुमी ते. माजं नाव घालू नका, बाकी झालं तसं लिवा. आवो मीच सांगतो ना, मग कोनाचं उनं काढलं तुमी?"

तिकडून धर्माजी बराच वेळ बोलले असावेत. जीवन दोनदा ‘व्हय’ म्हणाला, मग फोन खिशात टाकला, टेम्पोत चढला आणि बोटीवर गेला. बोट सुटल्यावर त्यानं हॉर्न वाजवला.

धर्माजींनी लिहायला चार दिवस घेतले. पूनम सांगते की तीन कागद फाडले. चौथा त्यांनी तिला स्कॅन करायला दिला आणि वाचू नको म्हणाले, जे पूनमला जमलं नाही, पण तिनं विनिताला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. सत्तावीस नोव्हेंबरला अर्ज गेला.

दरम्यान ऑफिसात एक बदल झाला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विनिता प्रत्येक मालकाला त्याचे आकडे स्वतंत्र चिठ्ठीवर देऊ लागली, घडी घालून. काही जण वाचून खिशात टाकायचे. काही जण नंतर एकटे यायचे आणि दार लोटून घ्यायचे. यात तक्त्यापेक्षा तिचा चौपट वेळ जायचा आणि ती तशी तक्रारही करायची. पण त्या दाराआडच्या बोलण्यात तिला असं काही कळू लागलं जे आकड्यांत कधीच आलं नव्हतं. कुणाचा ड्रायव्हर गाडी घरी नेतो, कुणाच्या गाडीवर दोन भावांचा वाद आहे, कुणी बायकोच्या आजारपणात विमा चुकवलाय.

फेब्रुवारीत मुलाखत झाली, संस्थेच्या मुंबईतल्या ऑफिसात. पॅनेलमध्ये तिघं होते, मागच्या वर्षीच्या बाईही त्यांत होत्या. या खेपेला ट्रेलरचा विषय विनितानंच काढला. वीस मिनिटांनी बाईंनी समोरच्या कागदांतून एक काढला.

"तुमच्या सचिवांनी लिहिलंय, तेवढं मराठीतच वाचते," त्या म्हणाल्या. "‘हिशोबात ही मुलगी चुकत नाही. कुणाला काय कुठं सांगावं, यात चुकत होती. तिच्या हातून एका माणसाचं नुकसान सर्वांसमोर मांडलं गेलं. मी तिला लगेच सांगितलं नाही, ही माझी चूक. सांगितल्यावर ती दीडशे किलोमीटर जाऊन त्याला भेटली. मी जायला सांगितलं नव्हतं.’"

विनिता हे पहिल्यांदाच ऐकत होती. अंतर साधारण सव्वाशे आहे, असं तिच्या तोंडून निघून गेलं. पॅनेलमधले एक गृहस्थ हसले. मग बाईंनी विचारलं की उद्या तुम्ही कर्ज देणाऱ्या कंपनीत आहात, एका मालकाचे हप्ते थकायच्या बेतात आहेत हे आकड्यांवरून तुम्हाला दिसतंय. पहिल्यांदा कुणाला सांगाल?

तिनं सांगितलं की आधी मालकाला, एकट्याला, आणि तेही हप्ता थकायच्या आधी. मग वरिष्ठांना, त्याच दिवशी, लपवून न ठेवता. क्रम उलटा केला तर मालक पुढच्या वेळी खरं सांगणार नाही, आणि त्याचं खरं कळलं नाही तर आपल्याकडचे आकडे जुने राहतात. यात दयाबुद्धी नाही, असंही ती म्हणाली. कर्ज वसूल होण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे.

तिथून पुढचा पाऊण तास कसा गेला ते तिला नीट आठवत नाही. मार्चच्या अखेरीस यादी लागली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत चौथं होतं. पुढचे तीन आठवडे तसेच गेले. रामचंद्र एकदाच म्हणाले की सभापतींना एक फोन टाकू का, आणि विनितानं त्यांच्याकडे पाहिल्यावर गाडी धुवायला गेले. एकोणीस एप्रिलला, दुपारी, ती एका मालकाला चिठ्ठी समजावून सांगत असताना मेल आली. तिनं चिठ्ठी पूर्ण समजावली, मालक गेल्यावर मेल पुन्हा वाचली आणि मग धर्माजींपुढे मोबाइल धरला.

धर्माजींनी चष्मा लावून ती इंग्रजी ओळ बघितली.

"घेतली?"

"घेतली."

"उनं वाचून पन घेतली," धर्माजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मानसं वेगली दिसतात ती."

संध्याकाळपर्यंत गावात कळलं. रामचंद्रांनी नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं, दहा बाय वीसचा. विनितानं दोन दिवस विरोध केला आणि हरली. तिचा कॉलेजातला फोटो, खाली संस्थेचं नाव, त्याखाली शुभेच्छुक म्हणून संघाच्या सगळ्या मालकांचे गोल फोटो. मजकुराचं प्रूफ तपासायचं काम मात्र तिनं आपल्याकडे घेतलं. ‘गावातील पहिली’ असं छापायला दिलं होतं. गावातला एक मुलगा सहा वर्षांपूर्वी बंगळुरूला जाऊन एमबीए करून आला होता, म्हणून तिनं ते खोडलं. फ्लेक्सवाल्यानं मग तिथं काय टाकू विचारलं. काही नको, जागा मोकळी ठेव, असं ती म्हणाली. त्यानं तिथं गुलाबाचं फूल टाकलं.

शैक्षणिक कर्जाच्या मुलाखतीला ती मेमध्ये बँकेत गेली. शाखाधिकाऱ्यानं विचारलं की कुणाचं पत्र आणलंय का. तिनं नाही म्हणून सांगितलं, प्रवेशाचा कागद आणि वडिलांच्या दोन्ही गाड्यांचे तीन वर्षांचे आकडे पुढं ठेवले आणि पाणी मागितलं. कर्ज बारा दिवसांत मंजूर झालं. जूनच्या दुसऱ्या सोमवारी ती पुण्याच्या गाडीत बसली. त्या दिवशी ऑफिसात सगळे मालक नंबर घ्यायला नेहमीप्रमाणे आले होते, चिठ्ठ्या द्यायला पूनम बसली होती, आणि पहिल्याच मालकाला तिनं दार लोटून घ्यायला सांगितलं.